अंधारीतलं घड्याळ

आमच्या प्राणिशास्त्र विभागात झुरळं जास्त होती की किस्से, हे मला आजही सांगता येणार नाही. झुरळं निदान पिंजऱ्यात असायची. किस्से मात्र मोकाट सुटायचे! दुपारी डबे उघडले की कालचा किस्सा आज थोडा वाढून यायचा, आणि परवा तो दुसऱ्याच्याच नावावर खपायचा. मी तिथं आधी विद्यार्थिनी होते, मग नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता मैत्रिणी म्हणतात, "शिंदेबाई, बोलता तेवढं लिहून ठेवा." म्हटलं, बरं. पण आधीच सांगते, यात फुशारकी आहे. भरपूर आहे. आम्ही केलंच तसं, तर का लपवू?

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. छावणीच्या बाजूला आमचं कॉलेज. इमारत निजामाच्या वेळची, भिंती हातभर जाड, आणि खाली एक तळघर. साळुंके सरांनी ते तळघर मागून घेतलं, दिवसाचा एक कवडसा आत येणार नाही असं बुजवलं आणि तिथं शरीराच्या घड्याळाचा अभ्यास सुरू केला. आम्ही त्या खोलीला 'अंधारी' म्हणायचो.

सरांचं म्हणणं साधं होतं. झोप, भूक, अंगाची ऊब कमी-जास्त होणं, हे सगळं चालवणारं एक घड्याळ प्रत्येक जिवाच्या आत असतं. बाहेरचा उजेड रोज सकाळी ते घड्याळ लावतो. उजेड काढून घेतला तरी ते बंद पडत नाही, आपल्या चालीनं चालत राहतं. कुणाचं जरा पुढं पळतं, कुणाचं मागं पडतं. बस! एवढ्यासाठी त्या माणसानं केस पांढरे केले.

•

पहिला किस्सा पाटीचा.

प्राचार्यांनी हौसेनं रस्त्याच्या बाजूला पाटी लावून दिली: 'जैविक घड्याळ प्रयोगशाळा'. आठवडाभरात लोक घड्याळं घेऊन यायला लागले! कुणाचा काटा अडकलेला, कुणाची चावी तुटलेली. एक तर लग्नात आलेलं टेबलावरचं घड्याळ घेऊन आला आणि म्हणाला, "गजर वाजतो, पण थांबत नाही."

एकदा शहागंजातले एक चाचा भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरून आले. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं, "चाचा, हम ये घडी नहीं देखते. आदमी के अंदर जो घडी रहती, वो देखते."

चाचांनी घड्याळ खाली ठेवलं. विचार केला. म्हणाले, "हौ? फिर मेरे छोकरे को लाता मैं. बारा बजे उठता कमबख्त!"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी घेऊन आले! तो पोरगा पुढं आमच्याकडंच एमएस्सीला आला. त्याचं नाव नदीम. बारा वाजता उठायचा तो उठायचाच, पण झुरळांची रात्रपाळी त्याच्याइतकी मनापासून कुणी केली नाही.

•

सरांचं वर्गातलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण झाकलेलं कोंबडं आरवायचं राहतं का? ते कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. शतकानुशतकं म्हण वापरली आणि कोंबड्याला कुणी विचारलंच नाही!

मग छावणीच्या बाजारातून एक तुर्रेबाज कोंबडा आणला. विकणारा नदीमला विचारत होता, "काटके देऊं?" नदीम म्हणाला, "नक्को, पढाना है इसको." अंधारीत एक मिणमिणता दिवा कायमचा लावून कोंबड्याला तिथं ठेवला. आणि पठ्ठ्या आरवला! उजाडलेलं दिसत नव्हतं, तरी आरवला. फक्त त्याचं आतलं घड्याळ जरासं पळायचं, त्यामुळं रोज थोडा थोडा आधी आरवायला लागला.

आम्ही नाचलो. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. प्राचार्यांचा बंगला आवारातच होता, आणि ते कोंबड्याच्या आवाजावर उठून फिरायला जायचे. शिस्तीचा माणूस! कोंबडा आरवला की बूट चढवून बाहेर. रोज थोडा थोडा आधी. एके दिवशी कुत्री मागं लागली तेव्हा त्यांना कळलं की अख्ख्या छावणीत जागे असलेले ते एकटेच आहेत.

सरांच्या टेबलासमोर येऊन म्हणाले, "साळुंके, तुमच्या या कोंबड्यापायी मी वेळेआधी रिटायर होईन!"

सरांनी खिशातून पेन काढलं. "सर, एक मिनिट. रोज किती वाजता जाग यायची, तेवढं सांगता का?"

•

त्या कोंबड्यानं एक धडा दिला: आतला आवाज बाहेर जातो, म्हणजे बाहेरचा आत येतो. छावणीतलं बिगूल, शाळेची घंटा, अजान, देवळातली आरती, सगळं अंधारीत ऐकू यायचं. आणि सरांना तर आता तिथं माणूस ठेवायचा होता. महिनाभर. घड्याळ नाही, सूर्य नाही, रेडिओ नाही. दिव्याचं बटण त्याच्याच हातात. झोप आली की मालवायचा, जाग आली की लावायचा. त्याला नुसतं त्याच्या आतल्या घड्याळावर सोडून द्यायचं आणि ते कसं चालतं ते बघायचं.

भिंतींना लावायला गाद्या घ्यायला सर आणि मी शहागंजात गेलो. गादीवाला खूश! "इतनी गादियां? शादी का घर है क्या साब?"

सर आपल्याच तंद्रीत म्हणाले, "नाही हो. एका पोराला कोंडायचंय."

गादीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि भाव न करता मुकाट्यानं गाद्या बांधून दिल्या.

•

हे चालू असताना सरांना एका कारखान्यात व्याख्यानाला बोलावलं. चिकलठाण्याकडं. रात्रपाळीच्या कामगारांना झोपेचं शास्त्र सांगायचं होतं, आणि वेळ ठेवली भरपेट जेवणानंतरची! सरांनी पहिली स्लाईड लावली, दिवे मालवले. जरा वेळानं दिवे लावले तर अख्खं सभागृह झोपलेलं. मॅनेजर सुद्धा.

मी शरमेनं अर्धी झाले. सर मात्र हळूच चवड्यांवर चालत माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "शिंदे, टाळ्या नकोत. यापेक्षा मोठी दाद कोणती? दुपारी घड्याळ एक डुलकी मागतं, हेच मी सांगणार होतो!"

•

आता बाळूकडं येते.

बाळू पाचोडचा. शेतकऱ्याचा मुलगा, सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. माझ्याहून दोन वर्षं मागं, मला ताई म्हणायचा. "सर, मी बसतो आत," असं म्हणणारा तो एकटाच निघाला. नदीमही तयार होता, पण सर म्हणाले, "तुझं घड्याळ आधीच बिघडलेलं आहे!"

या प्रयोगावर सरांचं सगळं टांगलेलं होतं, ते नीट सांगते. परीक्षा विभागाला जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला अंधारीच हवी होती. गाद्या काढायच्या, मांडण्या लावायच्या, गठ्ठे रचायचे. प्राचार्यांनी कशीबशी मुदत मिळवली. महिन्याच्या शेवटी बाहेरगावची एक समिती येणार, बाळूला बाहेर काढताना हजर राहणार, आणि त्याला खरंच दिवसांचा पत्ता नव्हता असं पटलं तर अंधारी सरांची. आत एक शब्द जरी फुटला, तर गठ्ठे! अध्यक्ष पुण्याचे मोठे डॉक्टर. त्यांनी आधीच बोलून दाखवलं होतं, "आपल्याकडं शेजारच्या घरातली फोडणी लपत नाही, तिथं तारीख कशी लपणार?"

म्हणून सरांनी नियम केले. अंधारीत जाताना मनगटावर घड्याळ नको. ओली छत्री नको. मी एकदा डबा घेऊन निघाले तर सर दारात आडवे. "शिंदे, गजरा!"

"काय झालं गजऱ्याला?"

"ताजा आहे. म्हणजे सकाळ. कोमेजला की संध्याकाळ. तुम्ही डोक्यावर घड्याळ घालून चाललात!"

लग्न ठरलेल्या मुलीचा गजरा काढायला लावला हो! काढला.

पण खरी पंचाईत बोलण्याची झाली. आपल्याकडं माणूस भेटला की तोंडातून काय निघतं? "चहा झाला का?" "जेवलात का?" म्हणजे रामराम घालता घालता आपण वेळ सांगून मोकळे होतो! सरांनी हे दोन्ही प्रश्न विभागातून हद्दपार केले. जो विचारेल त्यानं झुरळांचे पिंजरे धुवायचे.

पहिल्याच दिवशी जिन्यात प्राचार्य भेटले आणि सर म्हणाले, "काय सर, जेवण झालं का?"

आम्ही सगळे पिंजऱ्यांकडं बघायला लागलो. सरांनी बाह्या वर केल्या, पिंजऱ्यांकडं गेले आणि घासता घासता म्हणाले, "माणूस श्वास रोखेल, पण हे रोखणं अवघड आहे रे!"

•

बाळू आत गेला आषाढाच्या शेवटी. लागलीच श्रावण! हिंदूंच्या घरचा डबा म्हणजे कॅलेंडरच की. सोमवारी उपासाची खिचडी, पंचमीला दिंड, मध्येच पुरणपोळी. माझ्या आईला सांगितलं, "सोमवारी साधी भाजी-भाकरी दे." आई म्हणाली, "माझ्या हातून व्हायचं नाही ते पाप."

नदीम म्हणाला, "अम्मी देगी ना! हमारे यहाँ कायका श्रावण?"

झालं! महिनाभर डबा शहागंजातून. बाळूला श्रावण पाळायचा होता, म्हणून मटण नको, एवढीच अट. खट्टी दाळ, बगारे बैंगन, पराठे. पण सर सावध. नदीमच्या अम्मीला आम्ही सगळे खाला म्हणायचो; त्यांना म्हणाले, "जुम्म्याला काही खास करत असाल तर ते जुम्म्याला नको. कधीही करा."

खालांनी मंगळवारी बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याचा फोडणीचा भात, शिजवला. वास गल्लीभर गेला. शेजारणी दारात, "कौन आया? लडकी देखने आये क्या नदीम के वास्ते?" खाला काय सांगणार? म्हणाल्या, "हौ."

प्रयोग संपेपर्यंत नदीमला तीन स्थळं आली.

•

एका बाजाराच्या दिवशी बाळूचे वडील आले. अण्णा. उंच, काटक, डोक्याला पांढरं मुंडासं. बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मास्तर, पोळा आलाय. पोरगं घरी पायजे."

अण्णा आवाज न चढवता सांगत होते. चांद्या आणि पाखऱ्या ही जोडी बाळूनंच वाढवलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपानं तोच चोळायचा, आणि दर वर्षी बैलांच्या कानात तोच सांगायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैलांना जेवणाचं आमंत्रण देतात हो आमच्याकडं, घरच्या पाव्हण्यासारखं. "त्याच्या हातच्या घासाबिगर ते बैल पुरणपोळीला तोंड लावत नायत. त्याच्याबिगर आमच्या घरी कधी पोळा झाला नाय."

सर म्हणाले, "अण्णा, तो आत्ता बाहेर आला तर सगळंच गेलं. त्याचं गेलं, माझं गेलं, ही खोली गेली. पण बाप तुम्ही. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता दार उघडतो."

सरांची सगळी उमर त्या दारामागं होती, आणि किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. मला आजही त्या माणसाचा अभिमान वाटतो तो त्या किल्लीसाठी.

अण्णांनी किल्लीकडं बघितलं. मग म्हणाले, "आत कोणता दिवस चालू हाय?"

सरांनी तक्ता दाखवला. बाळू कधी दिवा लावतो, कधी मालवतो, त्याच्या रेघा. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा जरा पुढं सरकलेली. "बघा, तो उठला की त्याचा एक दिवस. पण त्याचा दिवस आपल्यापेक्षा मोठा चाललाय. मागं पडत पडत तो आता तीन दिवस मागं आहे."

अण्णांनी रेघांवरून बोट फिरवलं. पहिल्यांदा हसले.

"म्हणजे आईच्यान् सांगतो, पोरगं तीन दिवसांनी तरणं झालं की!"

आणि किल्लीला हात न लावता निघून गेले. घरी पोळ्याचं काय करणार, ते बोलले नाहीत. विचारायची आमची छाती झाली नाही.

•

पोळ्याच्या दिवशी आमची खरी परीक्षा. कॉलेजवरून बैलांची मिरवणूक जायची. हलग्या, ताशे, घुंगरमाळा! गाद्या किती पुरणार?

नदीम आणि मी रस्त्यावर आडवे उभे राहिलो. पुढं एक मिशाळ पाटील. "काय झालं? कोण मेलंय का?"

आता शरीराचं घड्याळ, उजेड, समिती हे सगळं हलगीच्या आवाजात कसं सांगणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "नाय हो, आत एक पोरगं तपाला बसलंय! त्याच्या कानावर पोळा पडला तर तप मोडतंय."

पाटलांनी हात वर केला. हलगी थांबली. मग मागं निरोप गेला, "गप रं! तप चालू हाय." गडी पुढं झाले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मुठीत धरल्या, आणि सगळी मिरवणूक अंधारीवरून आवाज न करता गेली. रंगवलेली शिंगं, झुली, आणि नुसता खुरांचा आवाज. माझे डोळे भरून आले. शास्त्राचा एक शब्द न कळता एवढी माणसं आमच्या प्रयोगात सामील झाली होती.

दुसऱ्या दिवशी जिन्याशी बायका नारळ घेऊन उभ्या. "अंधारीतल्या महाराजांचं दर्शन कधी?"

प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. "साळुंके, आधी घड्याळं, मग कोंबडा, आता मठ?"

नारळ आम्ही फोडून खाल्ले. खालांनी त्याची चटणी केली आणि महाराजांना डब्यात पाठवली.

•

आणि मग तो दिवस. पोळा होऊन चार दिवस झाले होते.

समिती आली. अध्यक्षांनी तक्ते चाळले आणि म्हणाले, "रेघा सुंदर आहेत. पण रेघा काय, कुणीही ओढेल." प्राचार्यांनी अंधारीची किल्ली त्यांच्या हाती दिली. परीक्षा विभागाचा माणूस गठ्ठ्यांची हातगाडी घेऊन व्हरांड्यात येऊन थांबलेला. सर घामाघूम. आणि इतक्यात जिन्यावरून अण्णा उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोराला न्यायला आले होते. म्हटलं, संपलं! बाप आता पोळा चुकल्याचं काढणार, आणि तेही यांच्यासमोर!

अध्यक्षांनी स्वतः दार उघडलं. बाळू बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, भिंतीला धरून. अध्यक्षांनी काही विचारायच्या आत त्याला अण्णा दिसले, आणि तो सरळ त्यांच्याकडं गेला.

"अण्णा! बरं झालं आलात. मी सरांना म्हणणारच होतो, आज मला सोडा म्हणून. उद्या पोळा हाय ना? बैल धुतले का? आवतन दिलं का त्यांना?"

नदीमनं माझा हात घट्ट धरला.

अध्यक्ष अण्णांकडं वळले. "बाबा, खरं सांगा. यानं हे पाठ केलेलं नाही कशावरून? पोळा तर होऊन गेला ना? तुमचेही बैल मिरवून झाले असतील."

अण्णांनी आधी पोराकडं बघितलं, मग अध्यक्षांकडं.

"गावाचा झाला, साहेब. लोक हसले आमाला. आमचे बैल अजून धुवायचे हायेत."

"अहो, पण अमावस्या? ती तर होऊन गेली!"

"आभाळाची झाली," अण्णा म्हणाले. "आमच्या बाळूची उद्या हाय."

अध्यक्षांनी तक्ता पुन्हा उघडला आणि बाळूच्या शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं: आता बरोबर पाच दिवस मागं. मग त्यांनी हातातली किल्ली सरांच्या हातात ठेवली आणि वरून आपल्या हातानं सरांची मूठ मिटली. हातगाडीवाल्याला म्हणाले, "परत न्या."

अण्णांनी मुंडासं सारखं केलं. समितीसमोर उभे राहिले, अदबीनं हात जोडले आणि म्हणाले,

"साहेब, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!"